नसीमचे डास

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. एका परिपत्रकाचा हिंदी मसुदा समोर होता, अवर सचिव एका शब्दावर अडून बसले होते आणि माझा फोन टेबलावर थरथरत होता. प्रियंका नेगी हे नाव दिसलं आणि मी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. प्रियंका ही नसीमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पिथौरागढकडची, शेवटचं वर्षभर नसीमची सावली झालेली. "आंटी... मॅम चली गईं," एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळानं मी आत जाऊन बसले. तो अडलेला शब्द मीच सुचवला, असं सहकारी नंतर सांगत होते. मला काही आठवत नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. डॉ. नसीम मुजावर हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. ती कीटकशास्त्रज्ञ होती, डासांवर काम करायची, आणि डासांपेक्षाही जास्त, डासांच्या आत राहणाऱ्या जीवाणूंवर. तिच्याबद्दल लिहायला बसले की मला नीट दुःखी होता येत नाही, ही माझी अडचण आहे. कुठलीही आठवण काढा, त्यात ती उभी राहून हातवारे करत असते, डोळे मोठे झालेले असतात आणि ती म्हणत असते, "ज्यो, ऐक की गं!" माझं नाव ज्योती. तीस-बत्तीस वर्षांत तिनं ते कधी पूर्ण उच्चारलं नाही. तेवढा वेळच नसायचा तिच्याकडे.

आम्ही भेटलो मुनिरकात. मी पुण्याहून अनुवादकाच्या नोकरीवर दिल्लीला आले होते, सरकारी क्वार्टर मिळायला अवकाश होता. ती मिरजेहून पीएच.डी.साठी आली होती. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली, बाहेर गच्चीचा तुकडा आणि खाली घरमालकीण, जिला सगळी गल्ली ताईजी म्हणायची. नसीमचे अब्बा मिरजेत एका दुकानात तंबोरे बनवायचे. भोपळा निवडण्यापासून तारेचा नाद खुलवणारी जवारी काढण्यापर्यंत सगळं हातानं. लहानपणी नसीम त्यांच्या शेजारी बसून घोडीवर तारेखाली रेशमाचा धागा सरकवायची, तंबोरा नीट बोलेपर्यंत. "अब्बा म्हणायचे, पोरीचा हात हलत नाही," ती सांगायची. तेव्हा मला ती नुसती कौतुकाची गोष्ट वाटायची.

पहिल्याच हिवाळ्यात ताईजींनी आम्हाला भावाच्या शेतातली सरसोंची जुडी दिली. मी ती धुवायला घेतली, पान उलटं केलं तर खाली हिरव्या बारीक किड्यांची दाटी. "शी! मावा लागलाय," मी म्हटलं आणि नळ सोडणार, तेवढ्यात नसीम ओरडली, "थांब! धुऊ नकोस!" जुडी माझ्या हातातून काढून घेऊन ती गच्चीत उन्हात जाऊन बसली आणि भिंग लावून बघायला लागली. मग अर्धा तास मला त्या माव्यावर व्याख्यान. हा किडा आयुष्यभर झाडाचा गोडूस रस पितो, त्यात साखर भरपूर पण बाकी पोषण जवळजवळ नाहीच. मग हा जगतो कसा? तर त्याच्या शरीरात खास पेशी असतात, त्यांत जीवाणू राहतात आणि ते जीवाणू त्याला हवं ते आत बनवून देतात. हे जीवाणू आईकडून पोरांना मिळतात. किड्यावाचून ते जगत नाहीत आणि त्यांच्यावाचून किडा जगत नाही. "कोट्यवधी वर्षं चाललंय हे, ज्यो. आणि आपण नुसतं शी म्हणून नळ सोडतो!"

तिचा आवाज ऐकून ताईजी वर आल्या. "के होया? साग खराब सै के?" नसीमनं मोठ्या आनंदानं उत्तर दिलं, "नहीं ताईजी, बहुत बढ़िया है! इसमें कीड़े हैं!" त्यानंतर त्या हिवाळ्यात आमच्याकडे साग आला नाही.

पुढे माझं लग्न झालं, श्रीकांतही केंद्र सरकारच्याच नोकरीत, आम्ही लक्ष्मीबाई नगरला राहायला गेलो, सई झाली. नसीमनं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं गं," आणि विषय बदलायची. पीएच.डी. झाल्यावर ती एका संशोधन संस्थेत लागली, दिल्लीतच द्वारकेला छोटा फ्लॅट घेतला आणि रविवारी सकाळी आमच्याकडे यायची. आधी फोन वगैरे काही नाही. अशाच एका रविवारी मी पोहे परतत असताना ती थेट स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मी डासाला औषध दिलं आणि तो जास्त आजारी पडला!"

मी गॅस बारीक केला. नसीमचं बोलणं ऐकायचं तर गॅस बारीक करावा लागे. तेव्हा ती मलेरियाच्या डासावर काम करत होती. या डासाच्या पोटात, म्हणजे आतड्यात, साधे जीवाणू असतात, पाण्यातून आणि झाडांच्या रसातून आलेले. तिनं डासांना साखरपाण्यातून प्रतिजैविक पाजून ते जीवाणू मारून टाकले. मग स्वच्छ पोटाच्या आणि नेहमीच्या पोटाच्या, अशा दोन्ही डासांना मलेरियाचं रक्त दिलं. मला वाटलं, स्वच्छ पोटाचा डास निरोगी राहणार. झालं उलटंच. त्याच्या पोटात मलेरियाचे परजीवी जास्त वाढले. कारण ते जीवाणू पोटात असतात म्हणून डासाची प्रतिकारशक्ती सतत थोडी जागी असते. चौकीवरच्या शिपायाला अधूनमधून कुणी हाक मारत राहिलं की तो झोपत नाही, तसं. जीवाणू गेले, शिपाई झोपला, चोर आत. "इतरांनी हे आधी पाहिलंय," ती प्रामाणिकपणे म्हणाली, "पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना आज!" पोहे तिनं कढईतूनच खाल्ले.

सई चौथीत असताना तिला डेंग्यू झाला. पावसाळा संपत आलेला, आमच्या कॉलनीत घरटी एक आजारी. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निवांत झालो आणि त्याच संध्याकाळी तिचे हातपाय गार पडायला लागले. हॉस्पिटलात एका खाटेवर दोन-दोन मुलं होती. श्रीकांत रक्तासाठी धावत होता, मी सईचा हात धरून बसले होते, आणि नसीम माझ्या शेजारी. शेजारच्या खाटेवर सईएवढीच एक मुलगी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली... तिच्या आईनं चादरीची घडी घातली, उशीवर ठेवली, आणि मग ती खाली बसली. ते पाहून नसीम उठून बाहेर गेली. बत्तीस वर्षांत तिला गप्प झालेलं मी दोनदा पाहिलं, त्यातली ही पहिली वेळ.

सई वाचली. घरी आणल्यावर आठवड्यानं नसीम आली, सईच्या पायाशी पलंगावर बसली आणि म्हणाली, "ज्यो, हिच्या अंगात तो विषाणू आपोआप नाही आला. आधी तो एका डासाच्या पोटात गेला, आठ-दहा दिवस तिथे वाढला, मग त्याच्या थुंकीत उतरला. त्या डासाच्या आतच त्याला वाढता आलं नसतं तर?" तिनं मलेरियाचा डास सोडला आणि डेंग्यूचा डास धरला तो तिथून.

त्या काळात बाहेरच्या देशांतून एका जीवाणूच्या बातम्या यायला लागल्या होत्या. वोल्बाकिया त्याचं नाव. निम्म्याअर्ध्या कीटकजातींत तो आढळतो, फळमाशीत, फुलपाखरांत, मुंग्यांत. डेंग्यूच्या मुख्य डासात मात्र तो नसतो. पण हातानं घातला तर त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. का, तर एक म्हणजे नवा पाहुणा आला म्हणून डासाची प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते, आणि दुसरं म्हणजे विषाणूला लागणारे स्निग्ध पदार्थ हा जीवाणू आधीच फस्त करतो. "पूर्ण कुणालाच कळलेलं नाही अजून," नसीम सांगायची, आणि हे सांगताना ती सगळ्यात खूश दिसायची. हा जीवाणू आईच्या अंड्यातून पोरांत जातो. शिवाय तो असलेल्या नराशी तो नसलेल्या मादीचा संबंध आला तर तिची अंडी फुटतच नाहीत. म्हणजे ज्या मादीत तो आहे तिचाच वंश वाढतो. एकदा बसला की तो स्वतःच पसरत जातो, फवारणी नको, काही नको. फक्त एकदा, पहिल्या एका मादीत, तो बसवायचा.

आणि तेच काम अशक्यप्राय होतं. एका शनिवारी दुपारी तिनं मला ते दाखवलं. डेंग्यूच्या डासाचं अंडं घातल्या घातल्या पांढरं असतं, मग करडं होतं आणि दोन-तीन तासांत काळंभोर, कडक. पांढरं असताना सुई घातली तर ते फुटतं, काळं झालं की सुई जात नाही. मधल्या करड्या वेळात, केसाहून बारीक काचेच्या सुईनं, अंड्याच्या नेमक्या मागच्या टोकाला जीवाणूचा थेंब सोडायचा. अंड्याची लांबी आपल्या खसखशीच्या दाण्याहूनही कमी. नसीम सूक्ष्मदर्शकावर वाकली होती, श्वास रोखून, आणि तिचा हात... खरंच हलत नव्हता. मी खोलीत अर्धा तास होते, तेवढ्या वेळात ती एक शब्द बोलली नाही. तिला इतकं शांत मी दुसऱ्या कुठल्याच कामात पाहिलं नाही.

तरी अंडी मरायची. जगली तर त्यांतून निघालेल्या डासात जीवाणू नसायचा. असला तर तो नर निघायचा, म्हणजे उपयोग शून्य. तीन वर्षं हे चाललं. संस्थेतले लोक म्हणायला लागले, मॅडम, दुसरं काही तरी करा. आणि मग एका दुपारी तिचा फोन आला, मी मीटिंगमध्ये होते, तिनं तीनदा केला. मी घाबरून बाहेर आले तर पलीकडून हसण्याचा आवाज. "ज्यो, आई मिळाली! पोरींमध्ये आलाय जीवाणू! सगळ्या पोरींमध्ये!" त्या संध्याकाळी ती जिलेबीचा पुडा घेऊन आली आणि श्रीकांतला, सईला, खालच्या मजल्यावरच्या बॅनर्जी बाईंना, सगळ्यांना ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्या डासांच्या पिंजऱ्यावर तिनं मराठीत 'आई' अशी चिठ्ठी लावली. पुढे नव्यानं आलेल्या प्रियंकानं ती हिंदीत वाचली आणि विचारलं, "मॅम, कौन आई?" नसीम पोट धरून हसली होती.

ते डास तिनं चार वर्षं सांभाळले. मग एका मे महिन्यात तिचे अब्बा वारले, ती मिरजेला गेली आणि इकडे, जोडून सुट्ट्या असताना, डासांच्या खोलीची थंड हवेची यंत्रणा बंद पडली. कळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. दिल्लीचा मे. खोली भट्टी झालेली. ती परत आली तेव्हा डास जिवंत होते, छान उडत होते, अळ्याही वळवळत होत्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. नसीमनं तपासण्या केल्या. जीवाणू निम्म्यांतून गायब. पुढच्या पिढीत जवळजवळ सगळ्यांतून. पिंजरा भरलेला, आणि आत साधे, रस्त्यावरचे डास.

ही तिच्या गप्प होण्याची दुसरी वेळ. दोन दिवस तिनं फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मी द्वारकेला गेले. अब्बांचा फोटो खुर्चीवर ठेवलेला, ती जमिनीवर बसलेली. मी चहा केला, दोघी प्यायलो. मला वाटलं, आता रडेल, बरं होईल. तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मी पाहिलं, तिचे डोळे मोठे होत होते.

"ज्यो, तो गरमीनं मेला."

"हो गं, माहीत आहे."

"तसं नाही, ऐक की! गरमीनं मेला. म्हणजे मी तो डास उद्या बाहेर सोडला असता, तर दिल्लीच्या पहिल्याच मे महिन्यात जीवाणू गेला असता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. अळी तिथेच वाढते. आपण दहा वर्षं घालवली असती आणि मग कळलं असतं. आत्ताच कळलं!" ती उठून उभी राहिली. "आपल्याला इथल्या गरमीत राहणारा जीवाणू पाहिजे. आणि तो इथेच कुणाच्या तरी आत बसलेला असणार."

तो बसलेला होता डेंग्यूच्या डासाच्या चुलत बहिणीत. टायगर डास म्हणतात त्याला. दोघेही काळे-पांढरे, पण एकाच्या पाठीवर वीणेसारखी खूण असते आणि याच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ. याच्यात वोल्बाकिया मुळातच असतो, आणि तो उन्हाला जास्त चिवट आहे अशी तिला खात्री वाटत होती. हा डास झाडांजवळ सापडतो. आमची कॉलनी जुनी, झाडं भरपूर, त्यामुळे पुढचे दोन पावसाळे नसीम, प्रियंका आणि मी दर रविवारी लक्ष्मीबाई नगरात अळ्या शोधत फिरलो. हातात ड्रॉपर, पांढरा ट्रे, बाटल्या. आम्हाला गेटातून येताना पाहिलं की लोकांना वाटायचं, महानगरपालिकेचे लोक कूलर तपासायला आले. पटापट कूलर उलटे व्हायचे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या व्हायच्या. आणि नसीम रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडायची, "फेंकिए मत! प्लीज, पानी मत फेंकिए! हमें दे दीजिए!" बॅनर्जी बाईंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हारी सहेली ठीक तो है ना?" मी म्हटलं, बिल्कुल ठीक. त्यांच्याच अंगणातल्या झाडाच्या ढोलीत शेवटी सगळ्यात चांगल्या अळ्या मिळाल्या. नसीमनं त्यांना इतके मनापासून धन्यवाद दिले की त्या दिवसापासून बॅनर्जी बाई ती ढोली सगळ्यांना दाखवायला लागल्या.

मग पुन्हा सुई, पुन्हा करडी अंडी. आणि ती जाण्याच्या वर्षभर आधी, हिवाळ्यात, पोटदुखीचं निमित्त होऊन तिचा आजार निघाला. स्वादुपिंडाचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फार वेळ नाही. तिनं ते मला फोनवर सांगितलं, मधे जराही न थांबता, आणि लगेच म्हणाली, "पण केमो घेते गं. तेवढे महिने लागणार आहेत मला."

केमोनं महिने दिले आणि बोटं नेली. बोटांची टोकं बधिर झाली, हात थरथरायला लागला. एक दिवस ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली, सुई उचलली, आणि खाली ठेवली. प्रियंकाला म्हणाली, "अब तू बैठ." प्रियंकाचा हात तोवर शंभरातली दोन-चार अंडीही जगवत नव्हता. ती रडायला लागली. "मॅम, मुझसे नहीं होगा." नसीमनं शेजारी स्टूल ओढलं आणि सांगितलं, "हात बाद में. पहले साँस." त्यानंतर रोज दुपारी, केमोचे दिवस सोडून, ती तिथे बसायची. सुई कधी उचलायची, अंड्याचा करडा रंग कुठल्या क्षणी बरोबर होतो, हे नुसतं बघून सांगायची. मी कधीकधी तिला आणायला जायचे तेव्हा दोघींच्या पाठी दिसायच्या, एक ताठ, एक वाकलेली, आणि दोघींचा श्वास एकदमच थांबलेला. अकरा आठवडे लागले. मादी मिळाली ती प्रियंकाच्या हातची. त्या दिवशी नसीमला ताप होता, उभंही राहवत नव्हतं, तरी तिनं मला फोन करून म्हटलं, "ज्यो, पोरीनं केलं! माझ्यापेक्षा चांगलं केलं!" आणि मागून प्रियंकाचा आवाज, "झूठ बोल रही हैं, आंटी!"

आमची शेवटची भेट जानेवारीच्या अखेरीची. द्वारकेच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीतल्या उन्हात तिला खुर्ची मांडून दिली होती. एवढीशी झाली होती. प्रियंका लॅपटॉप घेऊन आली. त्यांनी नव्या डासांना आधी मुद्दाम मेसारख्या तापलेल्या पाण्यात वाढवलं होतं, आणि जीवाणू टिकला होता. मग त्या डासांना आणि साध्या डासांना, बंदिस्त प्रयोगशाळेत, डेंग्यूचा विषाणू असलेलं रक्त दिलं. दोन आठवडे थांबून दोघांची थुंकी तपासली. साध्या डासांच्या थुंकीत विषाणू भरपूर. नव्या डासांच्या थुंकीत... प्रियंकानं पडदा फिरवला. एका-दोघांत सोडला तर नाहीच. नसीमनं चष्मा वर केला, खाली केला, पडदा डोळ्यांजवळ घेतला. मला वाटलं, आता ओरडेल. ती हळूच म्हणाली, "ते एक-दोन कोणते? त्यांच्यात जीवाणू कमी होता का? ते बघितलंस?" प्रियंकानं बघितलं नव्हतं. नसीमच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदाशिवाय दुसरं नाव देऊ शकत नाही. "बघ! बघ की गं, अजून एक प्रश्न!" ती हे प्रियंकाला मराठीतच म्हणाली. आणि प्रियंकाला कळलं.

मी निघताना तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून तिनं तो जरा जास्तच घट्ट धरला. पुढच्या महिन्यात, होळीच्या आधी, ती गेली. तिचे धाकटे भाऊ सलीमभाई मिरजेहून आले. दफनाला पुरुष गेले, प्रियंका आणि मी तिच्या घरात बसून राहिलो, बायकांच्यात, दुपारभर.

मागच्या आठवड्यात सलीमभाई फ्लॅट रिकामा करायला पुन्हा दिल्लीला आले होते. प्रियंकाचा फोन आला. "आंटी, गुरुवार को आइए. मामाजी को भी लाइए." का, ते सांगेना. आम्ही दोघं गेलो. सलीमभाई मिरजेत तंबोऱ्यांचंच काम करतात, बहीण नक्की काय करते हे त्यांना कधी नीट समजलं नव्हतं, मला वाटेत दोनदा म्हणाले, "आपाचं काम म्हणजे औषध फवारण्याचं ना?" डासांची खोली दमट, उबदार, पांढऱ्या जाळीच्या पिंजऱ्यांनी भरलेली. प्रियंकानं एक डबा उघडला. आत टीपकागदाची एक पट्टी होती, तिच्यावर बारीक काळे ठिपके, वाळलेली अंडी, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेली तारीख. अक्षर नसीमचं, थरथरलेलं. तारीख त्या गुरुवारची.

प्रियंकानं सलीमभाईंना समजावून सांगितलं. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत, महिनोन्महिने थांबतात आणि पाणी लागलं की फुटतात. पण हा जीवाणू असलेली अंडी कोरडेपणात लवकर मरतात, ही त्याची कमजोरी. दिल्लीतला कोरडा काळ त्यांनी काढला नाही, तर सगळी मेहनत फुकट. म्हणून नसीमनं एकाच दिवशीच्या अंड्यांच्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर वेगळी तारीख घातली होती. दर पंधरा दिवसांनी एक पट्टी पाण्यात. "हर बार पिछली से कम निकले हैं," प्रियंका म्हणाली. "ये आख़िरी है. मॅमने सबसे लंबी तारीख़ इसी को दी थी." ती तारीख लिहिली तेव्हा आपण नसणार हे नसीमला माहीत होतं. आम्हा तिघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

प्रियंकानं ट्रेमध्ये पाणी ओतलं आणि पट्टी त्यात सोडली. पट्टी तरंगली, मग हळूहळू भिजून खाली बसली. दिवा, भिंग, आणि आमची तीन डोकी. पाच मिनिटं गेली, दहा. ठिपके तसेच काळे, निश्चल. प्रियंका ओठ चावत होती. मी स्वतःला सांगत होते की आज काही झालं नाही तरी तेही उत्तरच आहे, आणि ते माझ्याच्यानं पटवून घेतलं जात नव्हतं. मग पट्टीच्या कडेला काही तरी हललं. एका ठिपक्याचं टोपण उघडलं आणि पापणीच्या केसाचा तुकडा असावा तसं काही तरी बाहेर येऊन पाण्यात वळवळलं.

प्रियंकानं माझा दंड धरला. "आंटी!" आणि पेन्सिलीनं वहीत पहिली रेघ मारली.

सलीमभाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि चेहरा पाण्याच्या अगदी जवळ नेला. "हे आपाचं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांचं बोट उठलं, जरासुद्धा न हलता, एका जागी रोखलं गेलं.

"ते बघा, ताई, अजून एक... आणि तिकडे. लिही पोरी, लिही, अजून एक!"